आगोटीची बेगमी आणि घराचें दार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत रविवारच्या सायंकाळच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंडळानें "स्वावलंबन आणि ख्रिस्ती श्रद्धा" हा विषय मला नेमून दिला. विषय नेमणाऱ्यांचा हेतु मी जाणतों. गेल्या कांहीं वर्षांपासून आपल्या घरांतून एक नवीच भाषा ऐकूं येऊं लागली आहे. कोणी म्हणतो, नोकरी सोडावी, दोन एकर जमीन घ्यावी, विहीर खणावी, गाय बांधावी आणि जगाशीं असलेला देण्याघेण्याचा व्यवहार संपवून टाकावा. कोणी म्हणतो, मोठें अरिष्ट येणार आहे. तेव्हां वर्षाचें धान्य, कंदील, औषधें आणि मेणबत्त्या घरांत भरून ठेवाव्या. आपलीं जीं मुलें परदेशीं आहेत त्यांच्याकडून अमेरिकेंतील गोष्टी कानीं येतात. तेथें तर या तयारीला एखाद्या पंथाचें रूप आलें आहे. "फादर, ख्रिस्ती माणसानें हें करावें कीं करूं नये?" असें मला अनेकांनीं विचारलें आहे. विचारणाऱ्यांत तरुण होते, तशा नातवंडें असलेल्या बायाहि होत्या. मिस्सा झाल्यावर अंगणांत उभ्या उभ्या देण्याजोगें हें उत्तर नाहीं. म्हणून आज थोडें सविस्तर बोलतों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं ही विद्या आपणांस नवी नाहीं. तिचें नांव बेगमी. वैशाख संपत आला कीं आपल्या वसईच्या घरांत आगोटीची बेगमी सुरू होई. कणगींत भात, माळ्यावर सरपण, दोरीवरून उतरविलेले सुके बोंबील, डब्यांत जवळा, मडक्यांत मीठ लावलेली चिंच, बरणींत लोणचें आणि वर्षभराचा मसाला. मासळीच्या होड्या किनाऱ्याला लागत, वाटा चिखलांत बुडत, बाजार दूर जाई. म्हणून चार महिन्यांची सोय घरांत करून ठेवावयाची. पाऊस सरला कीं आणखी एक काम निघे. राजेळी केळीं पिकवावयाचीं, सोलून उन्हांत वाळवावयाचीं, आणि त्यांना मधाचा रंग चढला म्हणजे केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवावयाचीं. तीच आपली सुकेळी. जें फळ चार दिवसांत नासावयाचें तें महिनेच्या महिने टिकविण्याची ही कला कोणत्या शाळेंत शिकविलेली नव्हती. आज सुकेळी करणारीं घरें बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. राजेळीच्या बागाच ओसरल्या, मग फळ कोठून येणार?

या बेगमीकडे कोणी धर्मसंकट म्हणून पाहिलें नाहीं. माझी आई कणगीचें तोंड लिंपून बंद करी आणि त्या ओल्या शेणामातीवर बोटानें क्रूस काढी. सांठविणें म्हणजे देवावर अविश्वास दाखविणें, असें तिला कधीं वाटलें नाहीं. मलाहि वाटत नाहीं.

तथापि पवित्र शास्त्र उघडलें कीं प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाहीं. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत प्रभु येशू एका श्रीमंत मनुष्याची गोष्ट सांगतो. पीक उदंड आलें, जुनीं कोठारें पुरेनात, म्हणून तीं पाडून मोठीं बांधण्याचा बेत त्यानें केला. आणि त्याच रात्रीं त्याचा प्राण मागण्यांत आला. देव त्याला मूर्ख म्हणतो. उलट उत्पत्तीच्या पुस्तकांत योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत भरतो, आणि तेथें तो शहाणा ठरतो. कर्म एकच. मग भेद कोठें आहे? त्या श्रीमंताचें बोलणें नीट वाचा. माझें पीक, माझीं कोठारें, माझा जीव. दुसऱ्या मनुष्याचा उल्लेखच त्याच्या तोंडीं नाहीं. त्याच्या गोष्टींत बायको नाहीं, गडी नाहीं, शेजारी नाहीं. योसेफानें मात्र दुष्काळ देशभर पसरतांच सारीं कोठारें उघडलीं.

पण योसेफाची गोष्ट येथें संपत नाहीं. उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय आपल्या कानीं फारसा पडत नाहीं. तो घरीं जाऊन अवश्य वाचा. कोठारें उघडलीं खरीं, परंतु धान्य फुकट वांटलें गेलें नाहीं, विकलें गेलें. पहिल्यानें लोकांचा पैसा संपला. मग त्यांनीं गुरेंढोरें दिलीं. पुढच्या वर्षीं देण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, तेव्हां त्यांनीं जमिनी दिल्या, आणि जमिनींबरोबर स्वतःसहि फारो राजाचे दास म्हणून देऊन टाकलें. सारी मिसर भूमि राजाची झाली. फक्त याजकांच्या जमिनी तेवढ्या वांचल्या, कारण त्यांना राजाकडून शिधा मिळत असे. (आम्हां धर्मगुरूंना हें वचन मोठ्यानें वाचतांना जरा घसा खांकरावा लागतो.) लोकांनीं योसेफाला दोष दिला नाहीं; उलट प्राण वांचविल्याबद्दल त्याचे उपकार मानले. मलाहि त्याला दोष द्यावयाचा नाहीं. पण एक हिशेब मनांत राहून जातो. सुकाळाच्या सात वर्षांत पांच वांट्यांपैकीं चार वांटे लोकांच्याच हातीं होते. राजाच्या कोठारांबरोबर गांवोगांव लोकांचींहि कोठारें असतीं, तर जमीन विकण्याची पाळी इतक्या लवकर आली नसती. ज्याची कणगी रिकामी, त्याचा सातबारा त्याच्या नांवावर फार काळ राहत नाहीं, आणि हें पाहण्यासाठीं वसईच्या माणसाला मिसर देशांत जाण्याची गरज नाहीं.

स्वतःपुरती तयारी करणारे लोक आणखी एक दृष्टांत पुढें करतात. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायांतील दहा कुमारिका. शहाण्या पांचजणींजवळ जादा तेल होतें, मूर्ख पांचजणींजवळ नव्हतें. आणि शहाण्यांनीं आपलें तेल दिलें नाहीं, विकत आणा म्हणून सांगितलें. "पाहा फादर, येथें प्रभूनेंच सांगितलें कीं ज्याचें त्यानें सांभाळावें." हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पण मग तें तेल कसलें, हें विचारलें पाहिजे. संत जॉन क्रिसोस्तोम यांच्या मतें तें तेल म्हणजे दया, गरिबांसाठीं केलेला दानधर्म. म्हणजे मूर्ख कुमारिकांचे दिवे विझले ते कोणाला दिल्यामुळें नव्हे, तर कधींच कोणाला न दिल्यामुळें. असें तेल उसनें मिळत नाहीं, कारण माझी दया मी तुमच्या नांवावर चढवूं शकत नाहीं. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस काय आहे? मेंढरें व शेरडें यांचा निवाडा. भुकेल्यास अन्न दिलें कीं नाहीं, परक्यास घरांत घेतलें कीं नाहीं, एवढेंच तेथें विचारलें आहे. अध्यायाचें पहिलें पान जवळ ठेवून शेवटचें फाडून टाकणें हा न्याय नव्हे.

आतां स्वावलंबनाची जी व्यवस्था ख्रिस्तसभेंत शतकानुशतकें टिकून राहिली तिच्याकडे वळूं. सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या मठांसाठीं नियम लिहिला. पाणी, गिरणी, बाग आणि निरनिराळे कारागिरीचे धंदे शक्य तर मठाच्या आवारांतच असावेत, म्हणजे मठवासियांना बाहेर भटकावें लागणार नाहीं, असा त्यांत दंडक आहे. हल्लींचे स्वावलंबनाचे पुरस्कर्ते हें वाक्य मोठ्या आवडीनें सांगतात. पण हा दंडक नियमाच्या कोणत्या अध्यायांत आहे, हें ते सांगत नाहींत. तो सहासष्टाव्या अध्यायांत आहे, आणि त्या अध्यायाचा विषय शेती नव्हे कीं गिरणी नव्हे. त्याचा विषय आहे मठाचा द्वारपाल. द्वारपाल पोक्त वयाचा आणि शहाणा असावा. त्याची खोली दाराजवळच असावी, म्हणजे येणाऱ्याला कोणीतरी नक्की भेटेल. कोणी दार ठोठावलें अथवा गरिबानें हांक मारली कीं त्यानें देवाचे आभार मानून, लगबगीनें व सौम्यपणें उत्तर द्यावें. आणि मदतनीस लागला तर त्याला एक तरुण बंधु द्यावा. ज्या पानावर सारें भिंतीच्या आंत असूं द्या असें लिहिलें, त्याच पानावर भिंतीला दार ठेवलें आणि दारावर माणूस बसविला. सेमिनरींत आम्हांला हा नियम शिकविणारे वृद्ध फादर गंमतीनें म्हणत कीं बेनेडिक्टनें या कामाला म्हातारा मुद्दाम मागितला, कारण म्हाताऱ्याला उनाडण्याची हौस उरलेली नसते.

मठांच्या भिंती आणि कोठारें याच व्यवस्थेनें उभीं राहिलीं. माझ्या मतें ख्रिस्ती बेगमीची कसोटी या एका अध्यायांत आहे. सांठा किती आहे हा पुढचा प्रश्न. दार उघडतें कीं नाहीं, आणि तें उघडण्यासाठीं कोणी नेमलेला आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

अमेरिकेविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे, कारण आपलीं मुलें तेथूनच या कल्पना आणतात. १८६२ सालीं अब्राहम लिंकन यांच्या सहीनें तेथें होमस्टेडचा कायदा झाला. किरकोळ फी भरून कुटुंबाला सरकारी जमिनीपैकीं १६० एकर जमीन मिळे. पांच वर्षें तेथें राहून ती कसली म्हणजे मालकी पक्की. मातीच्या ढेपांचीं घरें बांधून, हिमांत व दुष्काळांत ज्यांनीं तीं शेतें उभीं केलीं त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाहीं. पुष्कळांना तर पांच वर्षेंहि निभावलीं नाहींत. पण "आम्ही आमच्या हिमतीवर उभे राहिलों" हें जें तेथें अभिमानानें सांगितलें जातें तें अर्धेंच सत्य आहे. जमीन सरकारनें दिली, आणि सरकारनें ती मूळच्या आदिवासी जमातींकडून करारांनीं व शस्त्रांनीं काढून घेतली होती. धान्य बाजाराला नेण्यासाठीं आगगाडी लागली, तीहि सरकारनें दिलेल्या जमिनींच्या आधारानेंच बांधली गेली. पूर्णपणें स्वतःच्या पायांवर उभा असलेला मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे.

आज त्याच देशांत घरामागें भाजी लावणारीं, कोंबड्या पाळणारीं, फळें बरण्यांत भरून ठेवणारीं हजारों सालस कुटुंबें आहेत. त्यांचें मी कौतुकच करतों. त्यांची बेगमी आपल्या आजींच्या बेगमीची बहीण आहे. परंतु तिच्या शेजारीं दुसरीहि एक वाट आहे. कॅन्सस प्रांतांत क्षेपणास्त्रांसाठीं खणलेल्या एका जुन्या भुयारांत श्रीमंतांसाठीं घरें बांधून विकलीं गेलीं आहेत, जग बुडालें तरी आपण तगावें म्हणून. इतर कित्येक लोक धान्याच्या पोत्यांबरोबर बंदुका व काडतुसें सांठवितात. मी त्यांना एकच विचारीन, ही बंदूक कोणावर रोखणार? संकटाच्या चौथ्या दिवशीं दारांत जो येईल तो काय परदेशचा शत्रु असेल? तो पलीकडच्या गल्लींतला, लेंकरूं कडेवर घेतलेला बाप असेल.

याच अमेरिकेंत १९३३ सालीं पीटर मॉरिन या शेतकऱ्याच्या मुलानें आणि डॉरथी डे या बाईनें "कॅथॉलिक वर्कर" हें पत्र सुरू केलें. मॉरिनचा आग्रह होता कीं शहरांत गरिबांसाठीं अतिथिगृहें असावींत आणि गांवांत सामाईक शेतें असावींत. बेकारांनीं जमिनीकडे परतावें. शेतें काढलीं गेलीं, पण तीं नीट चाललीं नाहींत. काम करणारे थोडे आणि वाद घालणारे फार, अशी तेथें गत झाली. अतिथिगृहें मात्र आजतागायत चालू आहेत. शेती नुसत्या उत्साहानें होत नाहीं, हें आपल्या वाडीवाल्यांना मीं सांगावयास नको. जे तरुण शहर सोडून जमीन घेऊं म्हणतात त्यांनीं आधीं एक पावसाळा कोणा जुन्या शेतकऱ्याच्या हाताखालीं काढावा.

येथें आपल्याच लोकांत पसरलेल्या एका गोष्टीचा समाचार घेतला पाहिजे. कांहीं घरांत तीन दिवसांच्या अंधाराचे निरोप फिरतात. सांगतात कीं जगावर तीन दिवस काळोख पडेल, आशीर्वादित मेणबत्ती तेवढी जळेल, आणि दारेंखिडक्या लावून बसावें. बाहेरून ओळखीचा आवाज आला तरी उघडूं नये. ही भविष्यवाणी रोममधील धन्य आना मारिया ताइगी (१७६९–१८३७) यांच्या नांवावर सांगितली जाते. ख्रिस्तसभेनें १९२० सालीं त्या साध्वीला धन्य म्हणून गौरविलें, तें तिच्या सद्गुणांसाठीं. म्हणून तिच्या नांवावर खपणारें प्रत्येक भाकीत श्रद्धेचा विषय होत नाहीं. खासगी साक्षात्कार मानण्याचें बंधन कोणावर नाहीं. तो दिवस व ती घटका कोणास ठाऊक नाहीं, असें प्रभूनेंच सांगून ठेवलें आहे. आशीर्वादित मेणबत्ती घरांत जरूर ठेवा. आपल्याकडे वीज किती वेळां जाते हें मला ठाऊक आहे. पण दारावर ओळखीचा आवाज आला असतां उघडूं नये, हा उपदेश ख्रिस्ताचा नव्हे. तो स्वतः दाराशीं उभा राहून ठोठावतो, असें प्रकटीकरणाच्या पुस्तकांत लिहिलें आहे.

आतां आपल्या मातीकडे येऊं. "माझी वाडी आहे, माझी विहीर आहे, मला कोणाची गरज नाहीं," असें म्हणणारे आपल्यांत पुष्कळ होते. वाडीचें सामर्थ्य मी जाणतों. मार्च २०२० मध्यें देशभर टाळेबंदी झाली तेव्हां ज्यांची वाडी शाबूत होती त्यांच्या घरीं केळीं, वांगीं, भाजीपाला होता. ज्यांनीं ती विकून टाकली होती ते पिशवी घेऊन रांगेंत उभे होते. पण विहीर खरोखर एकट्याची असते काय? किनाऱ्यावर जमिनीखालचें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, कारण तें हलकें. युरोपांतील शास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याचा हिशेब मांडला आहे. समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडें पाणी उभें असेल तर त्या पातळीखालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी राहतें. उपसा करून तो वरचा एक फूट उतरविला कीं खालचें खारें पाणी चाळीस फूट वर चढूं पाहतें. बैलाच्या रहाटानें दिवसभरांत उपसून उपसून किती उपसणार? इंजिनें आलीं, मग टॅंकर आले, आणि ज्याच्या विहिरीवरून पाणी विकलें गेलें त्याच्या शेजाऱ्याच्या विहिरींत खारेपणा उतरला. बावखलें पावसाचें पाणी जिरवीत असत. तीं भराव टाकून बुजविलीं गेलीं. त्यांत आपलेहि लोक होते, हें महोत्सवाच्या दिवशीं बोलावयाचें नसलें तरी बोलतों.

या उपशाविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली, आणि २०२४ सालीं प्रभूच्या घरीं गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं तिचें नेतृत्व केलें. त्यांच्यावर कांहींनीं त्या वेळीं टीका केली कीं धर्मगुरूनें राजकारणांत पडूं नये. माझें मत वेगळें आहे. विहिरीचें पाणी सामाईक आहे म्हटल्यावर त्याचें राखण कायद्यावांचून होत नाहीं, आणि कायदा राजकारणावांचून होत नाहीं. जो मनुष्य "मला सरकार नको, मी माझें पाहीन" म्हणून कुंपण घालून बसतो, त्याचें पाणी कुंपणाखालून जातें.

त्याच्या उलट टोकाला सारें कांहीं सरकारनें आणून द्यावें असें म्हणणारे आहेत. तेथें फारोच्या कोठाराची आठवण ठेवावी. रेशनच्या दुकानापुढें उभें राहणाऱ्यानें मान खालीं घालण्याचें कांहीं कारण नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तो त्याचा हक्क ठरला आहे, आणि असा कायदा असणें ख्रिस्ती न्यायबुद्धीला धरूनच आहे. पण मतदानाच्या आदल्या आठवड्यांत दारीं येणारी साडी, पाकीट किंवा भांडें हा हक्क नव्हे. ज्यानें तें घेतलें तो पुढें पांच वर्षें नळाला पाणी कां नाहीं हें विचारावयास संकोचतो. १८९१ सालीं पोप लिओ तेरावे यांनीं कामकऱ्यांच्या स्थितीवर विश्वपत्र काढलें, त्यांत होईल तितक्या लोकांना स्वतःच्या मालकीचें कांहीं असावें असें प्रतिपादन केलें. चाळीस वर्षांनीं, १९३१ सालीं, पोप पायस अकरावे यांनीं आणखी एक तत्त्व स्पष्ट केलें: जें काम लहान समाज स्वतः करूं शकतो तें मोठ्या सत्तेनें त्याच्या हातून काढून घेऊं नये. घर, गांव, धर्मग्राम, सहकारी संस्था, मग राज्य. माझ्या दृष्टीनें ख्रिस्ती माणसाचें राजकारण बहुतेक यांत येतें. मत कोणाला द्यावें हें मी सांगणार नाहीं, विचारलेंत तरी.

लहान समाज काय करूं शकतो याचें उदाहरण शोधण्यास आपणांस लांब जावयास नको. १९१८ सालीं मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें वसईंत कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली. तीच पुढें आजची बसीन कॅथॉलिक बॅंक. त्या काळीं शेतकऱ्याला बी आणावयाचें तर सावकार, लग्न काढावयाचें तर सावकार, आणि वाडी गहाण. एका धर्मगुरूनें लोकांना उपदेश करून थांबण्याऐवजीं त्यांचे थोडे थोडे पैसे एकत्र करविले. ही पैशाची कणगीच होती, आणि तिला दार होतें. ज्यांची वाडी त्या कर्जामुळें सावकाराच्या घशांत जातां जातां राहिली त्यांचीं नातवंडें आज येथें बसलीं असतील. त्यांतील कांहींनीं तीच वाडी आतां बिल्डरला दिली असेल, तो भाग निराळा.

जुलै २०१८ मधील पूर आपण विसरलेलों नाहीं. रेल्वे बंद, वीज बंद, आणि कित्येक वस्त्यांत कमरेइतकें पाणी. त्या दिवसांत जें पाहिलें त्यांतलें एक सांगतों. तळमजल्यावरच्या एका व्यवस्थित घरांत वर्षाचा तांदूळ, डाळ, तेल, सारें भरलेलें होतें, आणि एका रात्रींत तें सारें भिजून गेलें. वरच्या मजल्यावर परप्रांतांतून आलेलीं दोन भाडेकरू कुटुंबें होतीं. त्यांच्याजवळ आठवड्याचाच शिधा. त्यांनीं स्टोव्हवर खिचडी शिजवून जिन्यावरून खालच्यांना वर बोलाविलें. त्या जिन्यावर यापूर्वीं पाण्याच्या टांकीवरून बरेंच भांडण झालें होतें, हें मला ठाऊक होतें. खिचडी खातांना कोणी तो विषय काढला नाहीं. बेगमी आपल्याच घरांत असली पाहिजे असें नाहीं. कधीं ती शेजाऱ्याच्या घरांत असते आणि आपल्याला त्याचा दरवाजा आधींपासून ओळखीचा असावा लागतो.

म्हणून घरांपुरतें माझें सांगणें थोडकें आहे. महिनाभराचा तांदूळ, आठवड्याचें पिण्याचें पाणी, नेहमींचीं औषधें, कंदील आणि काडेपेटी, एवढें प्रत्येक घरांत उंचावर असावें. जमेल त्यानें परसांत भाजी लावावी. मुलांना राजेळी ओळखतां यावी. कर्ज काढून सांठा करूं नये, आणि मोबाइलवर आलेल्या निरोपाला भिऊन तर मुळींच करूं नये.

धर्मग्रामाच्या कोठाराचें सांगावयाचें राहिलें. ईशान्येकडील मिझोरममध्यें आपले प्रेस्बिटेरियन बंधु आहेत. त्यांच्या स्त्रिया १९१० सालापासून एक प्रथा पाळीत आल्या आहेत. दर वेळीं भात शिजवितांना एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठीं बाजूला काढावयाचा. मग तो गोळा होतो, विकला जातो, आणि त्यावर त्यांची मंडळी स्वतःचा खर्च चालविते. श्रीमंत लोक नव्हेत ते; डोंगरांतले शेतकरी. चांगली गोष्ट दुसऱ्या पंथाची म्हणून सोडूं नये. तेव्हां मंडळाच्या बैठकींत ठरल्याप्रमाणें येत्या आगमनकाळापासून प्रत्येक वॉर्डांत मुठीचा डबा फिरेल. आपल्या धर्मग्रामांत तो तांदूळ विकावयाचा नाहीं. वस्त्रागाराशेजारच्या खोलींत, जमिनीपासून चार फूट उंच फळ्यांवर, तो ठेवला जाईल, आणि दर तीन महिन्यांनीं जुना गरजूंना देऊन नवा भरला जाईल, म्हणजे पोरकिडे लागणार नाहींत. तो घेणाऱ्याला बाप्तिस्म्याचा दाखला विचारला जाणार नाहीं. ख्रिस्तमंदिराच्या आवारांतील विहिरीचा गाळ उन्हाळ्यांत काढला. पाणी तपासून घेतलें आहे आणि तें अजून गोडें आहे. त्या विहिरीवर पंप बसणार नाहीं, हातपंप बसेल, आणि रस्त्याच्या बाजूच्या फाटकाला जें कुलूप आहे तें पावसाळ्यापूर्वीं काढून टाकण्यांत येईल.

कुलूप काढलें म्हणजे राखणीला माणूस लागतो. पावसाळ्याचे चार महिने त्या फाटकाजवळच्या खोलींत रात्रीं कोणीतरी झोंपावें, हांक आली तर उठावें, कोठीची किल्ली जवळ ठेवावी, असें योजिलें आहे. दोघांची पाळी, आठवड्यांतून एक रात्र. नांवें आज सभा संपल्यावर कचेरींत लिहून द्यावींत. वयाची अट नाहीं. बेनेडिक्टनें तर म्हातारेच मागितले आहेत.